भिंतीतील छिद्र : अमेरिकेतील एका बदनाम चित्रपट-प्रकाराविषयी



फलकावर आजचा विषय वाचून काही वडीलधाऱ्या मंडळींनी नाके मुरडली, असे माझ्या कानी आले. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत कुमारवयीन मुलांच्या कामचेष्टांवर जे प्रहसनपट निघाले, त्यांची चर्चा या व्यासपीठावर कशाला, असा त्यांचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे. परंतु ज्या गोष्टीला लाखो माणसे हसली, ती हलकी होती एवढे म्हणून इतिहास सांगणाऱ्याची सुटका होत नाही. ते हसणे कोणाच्या जिवावर चालले होते, हे त्याने विचारावयासच हवे. आणि एक कबुली आरंभीच देऊन टाकतो. महाविद्यालयात असताना हे चित्रपट मी एका मित्राच्या घरी, दार लावून, भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर पाहिले आहेत. आणि पोट धरधरून हसलो आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. १९३४ पासून हॉलिवूडमध्ये जी कडक आचारसंहिता अमलात होती, ती १९६८ साली गेली आणि वयाप्रमाणे प्रमाणपत्रे देण्याची पद्धत आली. 'आर' प्रमाणपत्र मिळालेल्या चित्रपटाला १७ वर्षांखालील मुलाला वडीलधारे माणूस बरोबर असल्याखेरीज प्रवेश नाही, असा नियम. गंमत पाहा, शाळकरी पोरांच्या गोष्टी सांगणारे यांतले बहुतेक चित्रपट याच वर्गातले! १९७८ च्या 'ॲनिमल हाउस'ने विद्यार्थ्यांच्या धिंगाण्याला बाजारात केवढा भाव आहे ते दाखवून दिले. मग १९८२ मध्ये 'पोर्कीज' अमेरिकाभर झळकला. बॉब क्लार्क यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला हा बेताच्या खर्चाचा चित्रपट त्या देशात १० कोटी डॉलरांवर कमाई करून गेला, आणि त्याच्या मागे नकलांची रांग लागली.

'पोर्कीज'ची कथा १९५४ सालच्या फ्लॉरिडातली. शाळेतली काही पोरे भिंतीच्या छिद्रातून मुलींच्या स्नानगृहात डोकावतात, हा त्यातला गाजलेला प्रसंग. मुलींच्या ते ध्यानात येते तेव्हा काही जणी संतापण्याऐवजी चक्क खिदळतात. हे खिदळणे जरा नीट ऐका. ते त्या मुलींचे नव्हे. भिंतीबाहेरच्या पोरांना, आणि त्यांच्या पाठीमागे अंधारात बसलेल्या आपल्याला, अपराधी वाटू नये म्हणून लेखकाने ते त्यांच्या तोंडी घातले आहे. नवल असे, की याच चित्रपटात एका ज्यू मुलाचा द्वेष करणाऱ्या पोराला आपली चूक उमगते, असे एक चांगले उपकथानक आहे. ज्या लेखणीला तो अन्याय दिसला, तिला भिंतीपलीकडची माणसे दिसली नाहीत!

अश्लीलता हा या चित्रपटांचा खरा दोष नव्हे, असे माझे मत आहे. अंगप्रदर्शनाने कोणी फार बिघडत नाही. दोष हा, की मुलीला येथे मनच नाही. १९८४ च्या 'रिव्हेंज ऑफ द नर्ड्स'मध्ये चेष्टेने गांजलेली अभ्यासू पोरे धटिंगण खेळाडूंवर सूड उगवितात. आपली सहानुभूती त्यांच्याकडेच जाते. पण सूड उतरतो कोणावर? मुलींच्या निवासात चोरून कॅमेरे बसविले जातात. आणि नायक मुखवटा घालून, तिचा प्रियकर असल्याचे भासवून, एका तरुणीशी संग करतो. पुढे ती त्याच्या प्रेमात पडते! साध्या भाषेत हा बलात्कार आहे. पडद्यावर तो विजय म्हणून आला. त्याच वर्षीच्या जॉन ह्यूज यांच्या 'सिक्स्टीन कँडल्स'मध्ये दारूने शुद्ध हरपलेली मुलगी एक तरुण दुसऱ्याच्या हवाली करतो, गाडीसकट. या चित्रपटाला तर 'आर'ही नव्हे, त्याहून सौम्य 'पीजी' प्रमाणपत्र होते. त्याची नायिका मॉली रिंगवॉल्ड यांनी २०१८ साली या जुन्या चित्रपटांविषयी लेख लिहून आपली अस्वस्थता मांडली. आपल्या कीर्तीच्या पायाशीच असे उकरणे सोपे नसते.

मग आम्ही हसलो तरी कशाला? तेवढेही खोटे नव्हते. सोळाव्या वर्षी कोणालाच काही ठाऊक नसते आणि सर्व ठाऊक असल्याचा आव प्रत्येक जण आणतो. वडीलधारे बोलत नाहीत, शिक्षक तो धडा गाळतात. ही फजिती या चित्रपटांनी उघड्यावर मांडली. आमच्याकडे तरी दुसरे काय होते?

त्या फजितीला न्याय दिला तो १९८२ च्या 'फास्ट टाइम्स ॲट रिजमाँट हाय'ने. लेखक कॅमेरॉन क्रो विद्यार्थी म्हणून कॅलिफोर्नियातल्या एका शाळेत राहून आले होते. दिग्दर्शिका एमी हेकरलिंग यांचा हा पहिला मोठा चित्रपट. येथेही एक तरुण चोरून पाहतो. मात्र ज्या मुलीकडे पाहत कल्पनेत रमला, तीच दार उघडून आत येते, आणि लाजेने मरतो तो पाहणारा. पुढे त्याच्या १५ वर्षांच्या बहिणीला दिवस जातात. जबाबदार पोराने अर्धा खर्च आणि गाडी द्यावयाची कबूल केलेली असते. तो येत नाही. थाप मारून ती भावाच्या गाडीतून जाते आणि एकटीच दवाखान्यात शिरते. गर्भपाताचा जो घटनात्मक हक्क तिला १९७३ च्या निकालाने होता, तो २०२२ मध्ये गेला, हे आज पाहताना आठवल्यावाचून राहत नाही. ती बाहेर येते तो भाऊ गाडीपाशी उभा. त्याला सर्व कळलेले असते. तो फार खोदून विचारीत नाही, तिला घेऊन जातो.

२००५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदवहीत या चित्रपटाचा समावेश झाला. आमच्या त्या बंद खोलीतही तो लागला होता. पोहण्याच्या तलावाचा प्रसंग आम्ही चार वेळा मागे नेऊन पाहिला. दवाखान्याचा आला तेव्हा कोणी तरी म्हणाले, "हे पुढे पळव रे." आणि यंत्राजवळ मीच बसलो होतो.