टाचेपाशी अडलेले यंत्र

माझे वडील सोलापूरच्या गिरणीत होते आणि मी इंग्लंडातल्या लेस्टर शहरी, पायमोज्यांच्या कारखान्यात. यंत्रे दुरुस्त करणे हे माझे काम. कारखाना बंद पडला त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. पण पायमोज्यातले आपल्याला कळते, ही घमेंड मात्र शाबूत होती. गेल्या हिवाळ्यात समोरच्या घरातल्या नव्वदीच्या बाईंनी ती उतरवली.

त्यांनी मला बोलावून माळ्यावरची लाकडी पेटी खाली काढायला लावली. आत हाताने फिरवायचे पायमोजे विणण्याचे यंत्र होते. त्यांच्या आईने पहिल्या महायुद्धानंतर ते हप्त्याने घेतले होते. "यावर एक जोड काढून द्याल का?" एवढेच त्या म्हणाल्या.

यंत्राचे तेल वाळून लाखेसारखे कडक झाले होते. सुटे भाग मी आठवडाभर रॉकेलमध्ये भिजत घातले. मग ओंजळीत मावेल असे लोखंडी नळकांडे उघडे पडले. त्याच्या बाहेरच्या अंगाला ७२ उभ्या खाचा आणि दर खाचेत एक सुई. एकेक खाच खरवडून त्यातला जुन्या लोकरीचा कोंडा काढला.

या सुईची करामत पाहण्यासारखी आहे. तिच्या डोक्याला आकडी आणि आकडीखाली हलणारी इवलीशी जीभ. सुई वर गेली की जुना टाका जिभेच्या खाली घसरतो, आकडीत नवा धागा येतो. सुई खाली आली की तोच जुना टाका जीभ मिटवतो आणि तिच्यावरून निसटून जातो. मागे उरतो तो नवा टाका. मॅथ्यू टाउनसेंड याने १८४९ साली या सुईचे पेटंट घेतले. तो याच लेस्टरचा.

त्याच्याही आधी २६० वर्षे, १५८९ साली, नॉटिंगहॅमशायरमधल्या विल्यम ली याने विणण्याचा पहिला माग बनवला. त्याच्या सुईची लांब आकडी मिटवायला वेगळी पट्टी दाबावी लागे. गरिबांच्या तोंडचा घास जाईल म्हणून एलिझाबेथ राणीने त्याला पेटंट नाकारले, अशी आख्यायिका आहे. ली फ्रान्सला गेला. तिथे आश्रय देणाऱ्या चौथ्या हेन्री राजाचा १६१० साली खून झाला आणि लीचे दैवही फिरले.

पुढे १८११ साली याच मुलखात माग फोडणारे लडाइट उठले. ते यंत्राचे शत्रू होते, असे आपण शाळेत शिकलो. वास्तविक यंत्रावरच त्यांचे पोट होते. मागांपैकी बरेच भाड्याचे असत आणि ते भाडे मजुरीतून कापले जाई. त्यात काही मालकांनी रुंद कापड विणून, कापून, शिवून स्वस्त पायमोजे काढायला सुरुवात केली. ते लवकर उसवत आणि बदनाम होई कारागीर. हातोडे पडले ते मुख्यतः अशा मागांवर आणि मजुरी पाडणाऱ्यांच्या मागांवर. १८१२ साली सरकारने माग फोडणाऱ्याला फाशीची शिक्षा ठरवली. या कायद्याविरुद्ध कवी बायरनने उमरावांच्या सभागृहात आपले पहिले भाषण केले.

मग १९१४ चे महायुद्ध आले. खंदकांतल्या थंड चिखलात सैनिकांचे पाय कुजू लागले. आपले हिंदी शिपाईही त्या पहिल्या हिवाळ्यात फ्रान्समध्ये होते. कोरडे पायमोजे वारंवार बदलणे हाच मुख्य उपाय. तेव्हा रेडक्रॉसच्या कामात ही हातयंत्रे खडखडू लागली. युद्ध संपल्यावर कंपन्यांनी ती घरोघरच्या बायकांना विकायला काढली. यंत्र विकत घ्या, पायमोजे आम्ही विकत घेऊ, असा वायदा असे. माल पसंत करणारी मात्र कंपनीच.

पेटीच्या तळाशी बाईंच्या आईची हिशेबाची वही निघाली. पानापानावर पेन्सिलीने 'पाठवले' आणि त्याखाली 'परत' असे लिहिलेले. ती पाने पाहिल्यावर भाड्याचे माग पुन्हा डोळ्यांपुढे आले. यंत्र घरी आले म्हणजे धंदा आपल्या हाती आला, असे नव्हे.

माल परत का येई, ते मला टाचेपाशी आल्यावर कळले. पायाची नळी यंत्र भराभर विणते. टाच आली की मात्र अर्ध्या, म्हणजे ३६ सुया वर उचलून ठेवायच्या आणि हँडल गरगर न फिरवता पुढे-मागे करायचे. दर ओळीला टोकाची एक सुई उचलायची. मधल्या १२ उरल्या की त्याच एकेक करून पुन्हा खाली आणायच्या. विणीला टांगलेले वजन वेळेवर सरकवले नाही तर टाके सैल पडून सुटतात आणि टाचेला भोक पडते. कारखान्यात हे सारे आपोआप होई. इथे माझ्या अकरा टाचा वाया गेल्या.

बारावी जमली. तशी एका कोपऱ्यात बारीकसे भोक राहिलेच. महिन्याभराने जोड पुरा करून बाईंना नेऊन दिला. त्यांनी पायमोजा उलटा केला, टाचेवर अंगठा फिरवला. तो नेमका त्या भोकापाशी थांबला.

"आईचेही इथेच जायचे," त्या म्हणाल्या आणि पायमोजा पायात चढवला. परत काही केला नाही.