परिचालन-प्रणालीचे यंत्रांतर

परिचालन-प्रणालीचे यंत्रांतर : परिचालन-प्रणाली, म्हणजे व्यवहारात जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात ती संगणकाची मूळ आज्ञावली, ज्या यंत्रासाठी रचली गेली ते यंत्र बाजारातून उठले, त्याचे सुटे भाग मिळेनासे झाले आणि त्याची दुरुस्ती जाणणारे कारागीर निवृत्त झाले, तरी तिच्यावर चाललेला कारभार थांबविता येत नाही, अशा वेळी ती प्रणाली, तिच्या आधाराने चालणाऱ्या सर्व आज्ञावल्या आणि त्यांतील दप्तर नव्या बनावटीच्या सर्व्हरवर नेऊन तेथे पूर्ववत सुरू करण्याच्या कामास यंत्रांतर म्हणावे. धंद्यातील लोक यास मायग्रेशन म्हणतात. त्यातील जो प्रकार प्रणालीलाच नव्या यंत्राच्या भाषेत उतरवितो त्यास पोर्टिंग हा शब्द रूढ आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्याची मामलेदार कचेरी संगमेश्वरी नसून देवरुखास आहे. तरी सातबाऱ्यावर तालुका संगमेश्वर असाच लिहिला जातो आणि त्यामुळे कोणाच्या हक्कास बाध येत नाही. नाव, अधिकार, नोंदी आणि कामकाजाची रीत कायम राहावी आणि केवळ बैठक बदलावी, हीच यंत्रांतराची उत्तम अवस्था होय.

याच तालुक्यात या विषयाचे एक उदाहरण रोज सर्वांच्या डोळ्यांसमोर असते, पण ते कोणास दिसत नाही. चिपळूण व रत्नागिरी यांच्या दरम्यान कोकण रेल्वेचे संगमेश्वर रोड हे स्थानक आहे. कोकणकन्या किंवा मांडवी एक्सप्रेसने येथे उतरणाऱ्या चाकरमान्याचे आरक्षण, मग ते खिडकीवर रांग लावून काढलेले असो वा घरबसल्या भ्रमणध्वनीवर, अखेर रेल्वेच्या प्रवासी आरक्षण व्यवस्थेच्या दप्तरी नोंदले जाते. आणि ती व्यवस्था व्हीएमएस नावाच्या अशा परिचालन-प्रणालीवर उभी आहे की जिच्या पायाखालचे यंत्र आजवर एकाहून अधिक वेळा बदलले आहे. गणपतीच्या दिवसांत कोकणच्या गाड्यांची आरक्षणे खुली होताच काही मिनिटांत संपतात, हे ज्याने अनुभवले आहे त्याला ही व्यवस्था एक दिवसही बंद ठेवून दुरुस्त का करता येत नाही, हे निराळे सांगावयास नको.

भारतीय रेल्वेचा संगणकाशी संबंध या आरक्षण व्यवस्थेहून जुना आहे. १९६० नंतरच्या दशकात रेल्वेने आयबीएम कंपनीची १४०१ ही यंत्रे पगारपत्रके व मालवाहतुकीचा हिशेब यांकरिता घेतली. पुढे १९७८ साली ती कंपनी भारतातून निघून गेली, तेव्हा देशभर मागे राहिलेल्या तिच्या यंत्रांची निगराणी १९७५ साली स्थापन झालेल्या सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. जिचा जन्मच दुसऱ्यांनी घडविलेल्या यंत्रांची जोपासना करण्यासाठी झाला होता, त्या कंपनीने १९८५ च्या अखेरीस व १९८६ च्या आरंभी दिल्लीत रेल्वे आरक्षणाची इम्प्रेस ही पहिली संगणकीय व्यवस्था उभी केली, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. इम्प्रेस ही अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्हॅक्स यंत्रावर आणि व्हीएमएस प्रणालीवर चालत असे. १९८६ सालीच रेल्वेने क्रिस ही आपली स्वतंत्र संगणक संस्था स्थापिली. तिने रचलेली कॉन्सर्ट ही सुधारलेली व्यवस्था १९९४ साली सिकंदराबादेस सुरू झाली, आणि १९९९ च्या एप्रिलपर्यंत दिल्ली, मुंबई, कलकत्ता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाचही केंद्रे एका जाळ्यात येऊन कोणत्याही खिडकीवरून कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. फोर्ट्रान व सी या भाषांत लिहिलेल्या या व्यवस्थेने प्रणाली मात्र जुनीच ठेवली. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला, तेव्हा करबुड्याचा साडेसहा किलोमीटरांचा बोगदा नवा होता. ज्या व्यवस्थेत त्या मार्गावरील प्रवाशांची नावे नोंदली जाऊ लागली तिची प्रणाली वीस वर्षांची झाली होती.

व्हीएमएसचा आरंभ १९७७ च्या ऑक्टोबरात व्हॅक्स-११/७८० या यंत्राबरोबर झाला. तिच्या रचनाकारांत डेव्ह कटलर हे प्रमुख होते. पुढे मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एनटीची रचनाही त्यांनीच केली. एका धारिकेत बदल केला असता जुनी प्रत पुसून न टाकता तिच्या शेजारी नव्या क्रमांकाची प्रत ठेवणे, एकाच नोंदीवर दोघांनी एकदम हात टाकू नये म्हणून ती नोंद कुलूपबंद करणे, आणि अनेक यंत्रांचा एक समूह करून त्यांतील एखादे बंद पडले तरी बाकीच्यांवर काम चालू ठेवणे, हे तिचे गुण होत. शेवटची खालची शायिका दोन निरनिराळ्या शहरांतील दोन खिडक्यांवरून एकाच क्षणी मागितली गेली असता ती एकालाच मिळावी, या हिशेबास असा स्वभाव फार उपयोगी पडला. ही प्रणाली काळ मोजते तो १७ नोव्हेंबर १८५८ च्या मध्यरात्रीपासून. खगोलशास्त्रज्ञांनी दिनगणनेच्या सोयीसाठी ठरविलेला हा आरंभदिन तिने घेतला आहे. कंपनीचे राज्य जाऊन राणीचा जाहीरनामा निघाला तो हाच महिना. अशी गणना हजारो आज्ञावल्यांच्या पोटात शिरलेली असते, आणि यंत्र बदलताना तिचा एक अंकही ढळून चालत नाही.

प्रणाली टिकली, तरी यंत्रे टिकली नाहीत. व्हॅक्सनंतर १९९२ साली अल्फा हा ६४ बिटांचा प्रोसेसर आला आणि ओपनव्हीएमएस हे नाव घेऊन प्रणाली त्यावर गेली. १९९८ साली कॉम्पॅकने डिजिटल कंपनी विकत घेतली आणि २००१ साली अल्फा बंद करण्याचे जाहीर केले. २००२ साली खुद्द कॉम्पॅक एचपीमध्ये विलीन झाली. २००५ साली ओपनव्हीएमएस इंटेलच्या इटॅनियमवर उतरली. रेल्वेची चालू आरक्षण व्यवस्था २०१० साली अमलात आली ती याच इटॅनियम सर्व्हरांवर. २०१३ साली एचपीने नव्या इटॅनियम यंत्रांसाठी ही प्रणाली पुढे न नेण्याचा निर्णय कळविला, आणि २०२१ च्या जुलैत इंटेलने इटॅनियमचा पुरवठाच थांबविला. दरम्यान २०१४ साली व्हीएमएस सॉफ्टवेअर या नव्या कंपनीने प्रणालीचा परवाना घेऊन, आज घरोघरी व कचेऱ्यांतून जो वापरला जातो त्या एक्स८६ जातीच्या प्रोसेसरवर ती नेण्याचे काम आरंभिले. १४ मे २०१९ रोजी ती त्यावर प्रथम उठली आणि जुलै २०२२ मध्ये ९.२ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली.

यंत्रांतराच्या पद्धती समजण्यास मोडी दप्तराचा दृष्टांत सोयीचा आहे. कचेरीत मोडी रुमाल जसेच्या तसे ठेवून शेजारी मोडी वाचणारा जाणकार बसवावा आणि काम पडेल तेव्हा त्याने प्रत्येक ओळ वाचून सांगावी, ही पहिली रीत. संगणकात तिला एम्युलेशन किंवा अनुकरण म्हणतात. नव्या सर्व्हरवर एक आज्ञावली जुन्या यंत्राचे हुबेहूब सोंग घेते, आणि प्रणालीला आपले घर बदलल्याची वार्ताही नसते. आयबीएमने १९६४ साली सिस्टिम/३६० ही यंत्रमाला जाहीर केली तेव्हा तिच्या काही यंत्रांत जुन्या १४०१ ची कामे चालविण्याची तजवीज अशाच अनुकरणाने ठेवली होती. व्हॅक्स व अल्फा यांचे सोंग घेणारा स्ट्रोमासिस कंपनीचा कॅरॉन व्यापारी वापरात आहे. बॉब सुपनिक यांनी आरंभिलेला सिमएच हा अभ्यासकांसाठी सर्वांस मोकळा आहे. या सुपनिकांनी डिजिटल कंपनीत असताना प्रत्यक्ष व्हॅक्सच्या रचनेवर काम केले होते; आपण घडविलेले यंत्र नाहीसे झाल्यावर त्याची स्मृती आज्ञावलीच्या रूपाने जपणे, यात मला एका कारागिराची निष्ठा दिसते.

दुसरी रीत लिप्यंतराची. मूळ लेख हाती नसेल, केवळ यंत्रभाषेतील तयार आज्ञावली उरली असेल, तर तीच एका यंत्राच्या भाषेतून दुसऱ्याच्या भाषेत उतरवून घेतात. व्हॅक्सवरून अल्फावर जाताना डिजिटल कंपनीने यासाठी व्हेस्ट नावाचे साधन दिले होते. तिसरी आणि श्रेष्ठ रीत म्हणजे मूळ लेखावरून नव्या यंत्रासाठी आज्ञावली पुन्हा संकलित करणे. ती वरकरणी सोपी दिसते. अडचण तपशिलात असते. व्हॅक्सची अपूर्णांक मांडण्याची पद्धत पुढे सर्वमान्य झालेल्या पद्धतीहून निराळी होती, म्हणून जुन्या आकड्यांची रुजवात नव्याने घ्यावी लागते. व्हीएमएस अधिकारांचे चार दर्जे मानते, तर एक्स८६ यंत्रात त्यांतील दोनच खऱ्या अर्थाने हाती येतात. मधले दोन दर्जे प्रणालीकारांना स्वतःच निर्माण करावे लागले. परवान्याची किल्ली पुष्कळदा जुन्या यंत्राशीच बांधलेली असते. आणि पंचवीस वर्षांपूर्वीच्या फितीवर ठेवलेले बॅकअप वाचणारे साधन चालू स्थितीत सापडेलच, याची शाश्वती नसते. कोकणासारख्या दमट व खारट हवेत तर धातूचे सांधे लवकरच गंजतात.

माझ्या मते या तीन रीतींत अनुकरण हे कमी दर्जाचे समजण्याची जी प्रवृत्ती आहे ती चुकीची आहे. मोडी वाचणारा बसविला म्हणजे दप्तराचा प्रश्न कायमचा सुटला असे होत नाही, हे खरे. पण तेवढ्या अवधीत रुमालांतील मजकूर वाळवीच्या तोंडून वाचतो, आणि तो काय आहे हे शांतपणे समजून घेण्यास सवड मिळते. यंत्रांतरात खरोखर जपावयाचे असते ते यंत्र नव्हे आणि प्रणालीही नव्हे, तर तिच्यावर वर्षानुवर्षे साचलेला नियमांचा संचय. आरक्षणाच्या व्यवस्थेत हा संचय विपुल आहे. गाडी सुटण्याच्या स्थानकाचा कोटा निराळा, वाटेतील स्थानकांचा निराळा. प्रतीक्षा यादीचे प्रकार, आरएसीची अर्धी जागा, तत्काळची वेळ, वृद्धांस खालची शायिका देण्याचा क्रम, तक्ता लागल्यावर उरलेल्या जागांची वाटणी. यांतील पुष्कळ नियम कागदावरच्या परिपत्रकापेक्षा आज्ञावलीच्या ओळींतच नेमके लिहिलेले असतात, आणि ज्यांनी ते लिहिले त्यांची नावे प्रवाशांस कधीच ठाऊक नसतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत एकशेवीस दिवसांवरून साठ दिवसांवर आली. हा एका ओळीचा हुकूम, पण तो अशा संचयात शिरताना आधी विकली गेलेली तिकिटे अबाधित ठेवून शिरावा लागतो.

चौथा मार्ग म्हणजे जुनी प्रणाली सोडून संपूर्ण व्यवस्था नव्याने रचणे. वर सांगितलेल्या अर्थाने हे यंत्रांतर नव्हे. जुन्या दप्तरावरून नवा कायदा करण्यासारखे ते आहे. रेल्वेने हाच मार्ग पत्करला आहे. जुनी व्यवस्था इटॅनियम व ओपनव्हीएमएस यांवर असून तिचे संपूर्ण नूतनीकरण क्रिसमार्फत चालू आहे, असे रेल्वेमंत्र्यांनी २०२५ साली संसदेत सांगितले. मिनिटास सुमारे २५,००० तिकिटे नोंदण्याची जुन्या व्यवस्थेची क्षमता नव्या रचनेत चौपट करण्याचा संकल्प त्यात आहे. जुन्या व्यवस्थेने एवढा भार कसा पेलला, याचे उत्तर तिच्या नोंद कुलूपबंद करण्याच्या रीतीत आणि अनेक यंत्रांच्या समूहात आहे. म्हणून नवी रचना करणाऱ्यांनी व्हीएमएसचा अभ्यास टाळू नये, असे मला आग्रहाने वाटते.

अशा बदलाच्या आधी काही काळ दोन्ही व्यवस्था शेजारी चालवून त्यांचे निकाल ताडून पाहतात. प्रत्यक्ष पालट, ज्याला कटओव्हर म्हणतात, तो काम सर्वांत कमी असेल अशा वेळी करतात. रेल्वेच्या दूरस्थ आरक्षणाची सेवा रोज रात्री पावणेबारापासून बारा वाजून वीस मिनिटांपर्यंत बंद असते. दिवसाचा हिशेब मिटविण्यास मिळणारा अवकाश तेवढाच. पालट यशस्वी झाल्याची कसोटी साधी आहे. जुन्या व्यवस्थेत उत्पन्न झालेला, आरंभीच्या आकड्यांवरून आपले मूळ केंद्र सांगणारा दहा आकडी पीएनआर नव्या व्यवस्थेत घातला असता तोच डबा, तीच शायिका आणि उतरण्याचे स्थानक संगमेश्वर रोड हेच दिसले पाहिजे.