तंजावर : कावेरीकाठचे मराठी बिऱ्हाड

दक्षिणेच्या यात्रेला निघालेली आपल्याकडील मंडळी मदुराई, रामेश्वर, कन्याकुमारी करून परततात. तंजावर वाटेत असूनही बहुधा राहून जाते. फार तर मोटार तासभर थांबते, बृहदीश्वराचे शिखर पाहिले जाते आणि प्रवास पुढे सुरू होतो. लालबर्रा, वाराशिवनी, बालाघाट या टापूतील जुन्या मराठी घराण्यांनी मात्र या गावी निदान तीन दिवस मुक्काम करावा, असे मी आग्रहाने म्हणेन. आपले पूर्वज वैनगंगेच्या खोऱ्यात येऊन राहिले, तसे तिकडचे कावेरीच्या खोऱ्यात राहिले. आपल्यावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, त्यांच्यावर तंजावरकर भोसल्यांचा. औरस पुत्र नाही या एकाच सबबीवर कंपनी सरकारने नागपूर १८५४ साली खालसा केले आणि १८५५ साली दुसरे शिवाजीराजे वारल्यावर तंजावरची गादीही संपवली. राज्य गेल्यानंतर परमुलखातील मराठी माणसापाशी काय उरते, हे पाहायचे तर तंजावरसारखे दुसरे ठिकाण नाही.

या दोन घराण्यांची गाठ एकदा रणांगणाच्या निमित्ताने पडली होती, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. अर्काटच्या नवाबाकडील मंडळी तंजावरला उपद्रव देऊ लागली, तेव्हा प्रतापसिंह राजांची हाक साताऱ्यापर्यंत पोहोचली. १७४० साली पहिले रघूजी भोसले कर्नाटकात उतरले. दमलचेरीच्या खिंडीत नवाब दोस्तअली मारला गेला. पुढच्या वर्षी त्रिचनापल्ली पडली आणि चंदासाहेब कैद होऊन साताऱ्यास आला. ज्या रघूजींच्या वंशजांना आपल्या गावांचा वसूल जात असे, त्यांच्याच घोड्यांनी कावेरीचे पाणी प्यायले होते.

तंजावरचे मराठी राज्य स्थापन केले व्यंकोजीराजांनी, म्हणजे शिवछत्रपतींच्या सावत्र बंधूंनी, १६७६ च्या सुमारास. त्यांचे पुत्र शहाजी (१६८४ ते १७१२) हे विद्याव्यासंगी राजे. त्यांनी तिरुविसनल्लूर हे गाव पंडितांना अग्रहार म्हणून दिले आणि स्वतः तेलुगू व मराठीत नाटके रचली. विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ सांगलीत १८४३ साली रंगभूमीवर आले आणि तेथून मराठी नाटकाचा आरंभ आपण मानतो. तंजावरच्या दरबारात मराठी नाटके त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी लिहिली जात होती. शहाजींच्या ‘पंचभाषाविलास’ या नाटकात तर पात्रे पाच भाषांत बोलतात. दोन भाषांच्या सीमेवर जन्म काढलेल्या आपणांसारख्यांना त्यातील गंमत निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

मधल्या राजांची नामावळी येथे देत नाही. तंजावर पाहायचे ते मुख्यतः दुसऱ्या सरफोजीराजांसाठी. त्यांचा जन्म १७७७ चा. दत्तक म्हणून त्यांचा हक्क अमरसिंहांनी नाकारला. जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. १७९८ मध्ये गादी मिळाली आणि पुढच्याच वर्षी तह होऊन सारा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरला तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख होन आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. अशा स्थितीत पुष्कळ संस्थानिकांनी नेमणुकीचा पैसा कशात घालवला, ते आपण जाणतो. सरफोजींनी तो पोथ्यांत, छापखान्यात, दवाखान्यात आणि गाण्यात घातला. काशीयात्रेस गेले तेव्हाही वाटेत हस्तलिखिते जमवली. त्यांनी देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढून इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. मुंबई-पुण्यास मराठी छपाईने मूळ धरण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. नेत्ररोग्यांच्या डोळ्यांची चित्रे आणि उपचारांच्या नोंदीही त्यांच्या काळच्या उपलब्ध आहेत.

या सगळ्याचे भांडार म्हणजे सरस्वती महाल. पूर्वीच्या नायक राजांच्या काळापासून चालत आलेला हा ग्रंथसंग्रह आज चाळीस हजारांहून अधिक हस्तलिखितांचा आहे. त्यात संस्कृत सर्वाधिक, परंतु मराठी हस्तलिखितेही हजारोंनी आहेत. मी ज्या दालनात उभा होतो तेथे ताडपत्रे, नकाशे आणि चित्रांकित पोथ्या काचेमागे मांडलेल्या होत्या. संग्रह टिकला तो सहजासहजी नव्हे. राज्य खालसा करताना राजवाड्यातील खाजगी मालमत्तेवरही सरकारी मोहोर बसली. राणी कामाक्षीबाईंनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावून जिंकला. परंतु १८५९ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला आणि सांगितले की, ही राजसत्तेची कृती आहे, न्यायालयाला तिच्यात हात घालता येत नाही. चाळीस वर्षे महसुली कागदांत घालवलेल्या माणसाला हा निकाल बोचल्यावाचून राहत नाही. पुढे मालमत्ता मेहेरबानी म्हणून घराण्याकडे परत आली, आणि १९१८ पासून ग्रंथालय सर्वांस खुले झाले.

बृहदीश्वराचे मंदिर राजराज चोळाचे, १०१० साली पुरे झालेले. त्याच्या भव्यतेविषयी इतके लिहिले गेले आहे की मी भर घालत नाही. मराठी माणसाने मात्र शिखराकडे पाहून झाल्यावर आवाराच्या नैर्ऋत्येकडील भिंतीपाशी जावे. तेथे १८०३ साली सरफोजींच्या आज्ञेवरून बाबूराव चिटणीसांनी रचलेले भोसले वंशाचे चरित्र देवनागरीत कोरलेले आहे. हा मराठीतील अतिविस्तृत शिलालेख होय. चोळांच्या तमिळ लेखांनी भरलेल्या देवळात ओळीमागून ओळ मराठी वाचताना क्षणभर आपण कोठे आहोत, हे विसरायला होते. इतिहासकाराने त्यातील वंशावळीवर शंका घ्याव्यात, तशा जागा त्यात पुष्कळ आहेत. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच की, ज्याची सत्ता तटाच्या आतच उरली होती, त्या राजाने आपली हकीकत परक्या प्रांतात, आपल्या भाषेत, दगडावर लिहून ठेवली.

गावाबाहेर पडले की चोहीकडे भात. बालाघाटच्या माणसाला हे दृश्य परके नाही. आपल्या चिन्नोरला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्या अभिमानाने मी तिकडची शेते पाहत होतो. फरक पाण्याचा. कावेरी तेथे एक नदी राहत नाही, तिच्या अनेक धारा होतात आणि कालव्यांचे जाळे घरांच्या परसापर्यंत येते. पश्चिमेला कल्लणै हा प्राचीन बंधारा आहे. परंपरा तो करिकाल चोळाचा मानते. एकोणिसाव्या शतकात आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनिअरने तो अभ्यासून त्याच धर्तीवर पुढची कामे केली. ढुटीच्या बंधाऱ्यावर ज्यांचे धान पिकते, त्यांनी कल्लणैवर अर्धा दिवस घालवण्यास हरकत नाही. तिरुवैयारु तेथून फार दूर नाही. पाच नद्यांचे गाव असा त्या नावाचा अर्थ, आणि त्यागराजांची समाधी तेथेच. पौष वद्य पंचमीला तेथे शेकडो गायक एका सुरात त्यांची कीर्तने गातात. त्याच गावचा मुगाच्या डाळीचा ‘अशोका’ नावाचा हलवाही प्रसिद्ध आहे. तो पानावर गरम असतानाच खावा.

खाण्याचा विषय निघाला, तेव्हा सांभाराविषयी बोलणे आले. संभाजीराजे तंजावरला आले, आमसूल संपले होते, चिंच घातली आणि त्यांच्या नावावरून ‘सांभार’ झाले, ही कथा हॉटेलवाल्यापासून प्राध्यापकांपर्यंत सर्व सांगतात. तिला समकालीन कागदाचा आधार मला कोठे आढळला नाही. संस्कृतात संभार म्हणजे सामग्री, आणि जुन्या मराठीत मसाल्याच्या साहित्यालाही तो शब्द लागे. आपल्याकडे तर कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. सांबारवडी आपण खातोच. तेव्हा शब्द मराठी मुलखातून गेला असणे शक्य आहे, पण त्यासाठी छत्रपतींना स्वयंपाकघरात नेण्याचे कारण दिसत नाही. त्याहून भक्कम पुरावा तमिळ घरांतील ‘रसवांगी’ आणि ‘डांगर पचडी’ या पदार्थांचा. पहिल्यात आपले वांगे नावासकट बसले आहे. दुसऱ्यातले डांगर म्हणजे उडदाचे पीठ. आपल्याकडे डांगर म्हटले की वेलीवरचे फळ डोळ्यांपुढे येते, ही गोष्ट निराळी. सरफोजींच्या काळच्या पाकशास्त्राची मोडी बाडेही सरस्वती महालात आहेत.

गाण्याचेही तेच. समर्थांचे शिष्य भीमस्वामी यांनी तंजावरी मठ स्थापला, तेव्हापासून तेथे मराठी कीर्तन रुजले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकर बुवांची कीर्तने ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. तमिळ कथेकरी आजही साकी, दिंडी, ओवी, अभंग ही वृत्ते गातात. म्हणजे राज्य बुडाल्यानंतर मराठीचे तेथील वजन वाढले, असेही म्हणता येईल. त्याच सुमारास कुंभकोणमला जन्मलेले टी. माधवराव त्रावणकोरचे दिवाण होऊन, पुढे १८७३ मध्ये इंदूरला होळकरांचे आणि नंतर बडोद्याचे दिवाण झाले. दोनशे वर्षांनी एक तंजावरी मराठा ब्राह्मण माळव्यात कारभार करू लागला, याचे आपणां मध्यप्रदेशवासीयांस अप्रूप वाटावे.

मी ज्या घरी जेवलो तेथील मराठीत क्रियापदे आपली, नावे पुष्कळशी तमिळ, आणि हेल तर पूर्णच तमिळ. ही मंडळी घरची मराठी तमिळ लिपीत लिहितात. मोडी वाचणारे त्यांच्यात जवळजवळ उरले नाहीत. राजवाड्यातील मोडी कागदांचे गठ्ठे वाचून त्यांतील निवडक कागदांचे तमिळ भाषांतर १९८९ साली प्रसिद्ध केले, ते तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने. आपल्या भाषेचे दप्तर शेजाऱ्यांनी उलगडले, याचा आनंद मानावा की खेद, हे मी ठरवू शकलो नाही.

आपल्याकडची दप्तरे तर अजून ट्रंकांतच आहेत. १९५१ साली मालगुजारी गेली, १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. वाटणीपत्रे, रोखे, जमाखर्च मात्र माळ्यावर तसेच पडून राहिले. माझ्या नोकरीत एकदा शेतीच्या वादात असा मोडी कागद पुढे आला. कचेरीत कोणाला वाचता येईना, दोन तारखा गेल्या, अखेर तो वाचण्यासाठी नागपूरला पाठवावा लागला. परत आला तेव्हा कळले, कागद जमिनीचा नव्हताच. एका मुलीच्या लग्नातील जेवणावळीची ती यादी होती : तांदूळ किती, तूप किती, आणि कोणत्या गावाहून कोण कोण आले होते.