शाळेची घंटा आणि सूर्याचे घड्याळ

उशिरा येणारा विद्यार्थी आळशी, हे समीकरण आपल्या शाळांइतकेच जुने आहे. वर्गाबाहेर उभे राहणे आणि हजेरीपटावरचा शेरा हे त्याचे ठरलेले फळ. परंतु घंटेची वेळ कोणी व कशावरून ठरविली, हे क्वचितच विचारले जाते. हा प्रश्न शिस्तीचा आहे तितकाच इतिहासाचाही आहे, असे आम्हांस वाटते.

१ जानेवारी १९०६ रोजी भारतीय प्रमाणवेळ अमलात आली. तिचा आधार ८२.५ अंश पूर्व रेखांश. मुंबई व सुरत ही दोन्ही शहरे ७२.८ अंशांच्या आसपास. म्हणून येथील सूर्याची वेळ घड्याळाच्या सुमारे ३९ मिनिटे मागे असते. मुंबईने हा बदल निमूटपणे स्वीकारला नाही. त्याच महिन्यात जेकब ससून गिरणीतील कामगारांनी नव्या वेळेस विरोध केला आणि ‘मुंबई वेळ’ तर स्वातंत्र्यानंतरही काही काळ टिकून होती. पहाटेची झोप गमावण्याचे दुःख कामगारांना प्रथम कळले. मुलांचे कोणी विचारले नाही.

आजही जानेवारीत सुरतेत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. सातच्या शाळेला निघालेले मूल अंधारातच घर सोडते.

बमरोली-पांडेसरा परिसरात हे अधिक जाणवते. तापीकाठच्या रेल्वेने खानदेशातून आलेल्या आपल्या कित्येक कुटुंबांचे दिवस यंत्रमागाच्या बारा तासांच्या पाळ्यांनी बांधले गेले. एकाच खोलीत रात्रपाळीचा बाप परततो, दिवसपाळीची माणसे डबा घेऊन निघतात, पाणी भरायचे असते, धाकट्यास सांभाळायचे असते. या घराचे घड्याळ कारखान्याचे. शाळेच्या घड्याळाशी त्याचा मेळ बसतोच असे नाही. वारंवार ‘उशीर’ लागलेले मूल हळूहळू शाळेलाच पारखे होते, ही खरी हानी.

इतरत्र या प्रश्नाचा पद्धतशीर विचार झाला आहे. अमेरिकेतील मिनियापोलिस शहराने १९९७ साली माध्यमिक शाळांची वेळ ७.१५ वरून ८.४० वर नेली. मुलांची झोप वाढली आणि हजेरी सुधारली. किशोरवयात निद्रेचे चक्रच पुढे सरकते, हे त्यामागचे शास्त्र. महाराष्ट्र शासनानेही ८ फेब्रुवारी २०२४ रोजी चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ वा त्यानंतर भरविण्याचा आदेश काढला.

मात्र हा उपाय बमरोलीस जसाच्या तसा लागू पडेल, असे नाही. एका इमारतीत दोन पाळ्या भरत असतील तर सकाळची घंटा पुढे ढकलताच दुपारची सायंकाळवर जाते. आईबाप सातला कामावर गेले, तर नऊपर्यंत लहानग्यास कोणी पाहावे? म्हणून वेळ ठरविताना वस्तीतील पाळ्या, पाणी आणि सूर्योदय यांची विचारपूस आधी व्हावी. हिवाळ्यापुरती अर्ध्या तासाची सवलतही पुष्कळ काही साधेल. शेरा मारण्यापूर्वी ‘का उशीर झाला?’ एवढे विचारण्यास तर कोणत्याही शासकीय आदेशाची आवश्यकता नाही.