पिस्टनच्या डोक्यावरचा आकडा

आजोबांच्या वेळचं डिझेल इंजिन किंवा जुनी मोटरसायकल शेडमध्ये धूळ खात पडलीय, आणि कमी खर्चात घरीच इंजिन बांधायचं डोक्यात आहे? मग आज पिस्टनचा इतिहास ऐकाच. तो कळला की पैसे वाचतात.

आधी पिस्टन बिडाचे असायचे. दणकट, पण जड. १९१३ साली डब्ल्यू. ओ. बेंटली हा इंग्रज तरुण फ्रान्समधल्या एका मोटार कारखान्यात गेला. तिथं त्याला ॲल्युमिनियमचं पेपरवेट दिसलं. याचेच पिस्टन केले तर? त्यानं ते करून गाडीत बसवले, आणि पहिल्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांतही ते गेले. वजन घटलं, पण एक अट आली. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. म्हणून पिस्टन आणि सिलिंडरमध्ये नेमकी फट लागते. कमी पडली तर पिस्टन जाम, जास्त झाली तर खडखड.

आता आपल्याकडं या. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. तेव्हा हिंगोली निजामाच्या राज्यात, परभणी जिल्ह्यात होती. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. या काळात विहिरीवरची मोट गेली, इंजिन आलं. इंजिन बसलं की वसमतच्या हळदीचं पाणी थांबायचं. दरवेळी नवीन कोण घेणार? म्हणून झिजलेलं इंजिनच पुन्हा बांधायचं.

यासाठीच ओव्हरसाइज पिस्टन असतात: ०.२५, ०.५०, ०.७५, १ मिमी. ८० मिमीच्या बोअरला ०.५० चा पिस्टन म्हणजे ८०.५०. हा आकडा बहुतेकदा पिस्टनच्या डोक्यावरच कोरलेला असतो. बोअर आधी किती वाढवलाय, ते त्यावरून कळतं.

मग निवडायचा कसा? आधी बोअर मोजून घ्या. तो वरच्या बाजूला जास्त झिजतो आणि लंबगोल होतो. झीज मर्यादेत असेल तर नुसत्या रिंगा पुरतात. नसेल तर झीज निघून जाईल एवढाच, सगळ्यात लहान ओव्हरसाइज घ्या. एकदम १ मिमीवर उडी मारली तर पुढच्या वेळचं बोअरिंग आजच संपलं. शेवटचं माप झालं असेल तर स्लीव्ह टाकून पुन्हा मूळ मापावर येता येतं. काही इंजिनांत लायनरच बदलतो. तिथं लायनर-पिस्टनचा सेट घ्या.

आणि हे लक्षात ठेवा: पिस्टन आधी विकत घ्या, बोअरिंग नंतर. लेथवाल्याच्या हातात तोच पिस्टन द्या, फट कंपनीच्या पुस्तकातली सांगा. उलटं केलंत तर दोन्हीचे पैसे पाण्यात.

तुमच्या शेडमधल्या पिस्टनवर कोणता आकडा निघाला, कळवा. भेटू पुढच्या भागात!