क्वेरी ऑब्जेक्ट

क्वेरी ऑब्जेक्ट हा सॉफ्टवेअर अभियांत्रिकीतील एक डिझाइन पॅटर्न, म्हणजेच रचनेचा आकृतिबंध आहे. डेटाबेसला विचारावयाचे प्रश्न एसक्यूएल मजकुराच्या रूपात आज्ञावलीत जागोजागी न विखुरता त्यांना स्वतंत्र ऑब्जेक्टचे रूप देणे, हे या आकृतिबंधाचे सूत्र होय. मार्टिन फाउलर यांनी 'पॅटर्न्स ऑफ एंटरप्राइज अ‍ॅप्लिकेशन आर्किटेक्चर' या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या नावाने त्याची मांडणी केली. ही संज्ञा आज दोन निगडित परंतु भिन्न अर्थांनी वापरली जाते. पहिल्या अर्थी ती कोणतीही क्वेरी रचू शकणारी सर्वसाधारण यंत्रणा असते, तर दुसऱ्या अर्थी एकाच ठरावीक प्रश्नासाठी लिहिलेला आणि त्या प्रश्नाचे नाव धारण करणारा क्लास असतो. पहिल्या अर्थाची यंत्रणा आता बहुतेक ओआरएम लायब्ररींमध्ये आयती मिळते. मात्र त्यामुळे दुसऱ्या अर्थाच्या क्वेरी ऑब्जेक्टची गरज संपत नाही.

पार्श्वभूमी

एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल प्रारूप मांडले. त्यावर आधारित सीक्वेल ही भाषा डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ साली आयबीएममध्ये सादर केली. तिचेच पुढे एसक्यूएल झाले. या भाषेत हवी असलेली माहिती कशी शोधावी हे सांगावे लागत नाही. कोणती माहिती हवी एवढेच सांगितले जाते. ऑब्जेक्टाभिमुख भाषांमधून एसक्यूएल वापरताना मात्र क्वेरी ही अक्षरांची एक माळ म्हणून लिहिली जाई. संकलकाच्या दृष्टीने तो निव्वळ मजकूर असल्याने रकान्याच्या नावातील चूक आज्ञावली प्रत्यक्ष चालेपर्यंत उघड होत नसे.

याखेरीज आणखी दोन अडचणी होत्या. वापरकर्त्याने निवडलेल्या पर्यायांनुसार अटी कमी-जास्त करावयाच्या असल्यास मजकुराचे तुकडे जोडावे लागत. अशा जोडकामात वापरकर्त्याने दिलेले मूल्य थेट मजकुरात मिसळले गेले की एसक्यूएल इंजेक्शन या हल्ल्याला वाट मिळते. शिवाय निरनिराळ्या डेटाबेसच्या एसक्यूएलमध्ये फरक असतो. उदाहरणार्थ, पहिल्या दहाच नोंदी मागण्यासाठी मायएसक्यूएल व पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये 'लिमिट', तर एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'टॉप' हा शब्द वापरला जातो.

फाउलर यांची मांडणी

फाउलर यांच्या मांडणीत क्वेरी ऑब्जेक्ट हा इंटरप्रिटर या आकृतिबंधाचा एक प्रकार आहे. गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्हिलिसिडिस यांच्या १९९४ सालच्या 'डिझाइन पॅटर्न्स' या ग्रंथात इंटरप्रिटरचे वर्णन आले आहे. क्वेरीतील प्रत्येक अट हा एक लहान ऑब्जेक्ट असतो. त्यात गुणधर्माचे नाव, तुलनेचे चिन्ह आणि मूल्य हे तीन घटक असतात. अशा अटी 'आणि', 'किंवा' यांनी जोडल्या की त्यांचा वृक्ष तयार होतो आणि अखेरीस त्या वृक्षावरून एसक्यूएल तयार केले जाते.

या रचनेत अटी टेबल व रकाने यांच्या भाषेत न लिहिता क्लास व त्यांचे गुणधर्म यांच्या भाषेत लिहिल्या जातात. कोणता गुणधर्म कोणत्या रकान्यात साठवला आहे, ही माहिती मेटाडेटा मॅपिंग या दुसऱ्या आकृतिबंधाकडे असते. त्यामुळे रकान्याचे नाव बदलल्यास बदल एकाच ठिकाणी करावा लागतो. अशी संपूर्ण यंत्रणा उभारणे खर्चिक असल्याने, प्रकल्पाला आजघडीला लागेल तेवढीच क्षमता तिच्यात असावी आणि गरजेनुसार ती वाढवावी, अशी फाउलर यांची शिफारस आहे.

लायब्ररींमधील रूपे

पुढील काळात ही यंत्रणा बहुतेक प्रमुख भाषांच्या लायब्ररींमध्ये आली. जावामधील हायबरनेटने क्रायटेरिया ही सोय दिली आणि २००९ सालच्या जेपीए २.० या मानकात तशी सोय अधिकृतपणे समाविष्ट झाली. मायक्रोसॉफ्टने २००७ साली डॉटनेट ३.५ सोबत लिंक ही सुविधा आणली. तिच्यात सी शार्प भाषेत लिहिलेली अट वृक्षाच्या रूपात जतन होते आणि मग तिचे एसक्यूएलमध्ये रूपांतर होते. पायथनमधील जँगोचा क्वेरीसेट आणि रुबी ऑन रेल्सच्या अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्डमधील रिलेशन यांतही हेच तत्त्व आहे. अटी एकामागून एक जोडता येतात, परंतु निकालातील नोंदी प्रत्यक्ष वाचायला घेईपर्यंत डेटाबेसकडे विचारणा होत नाही.

या लायब्ररी मूल्ये मजकुरात न मिसळता प्राचल म्हणून स्वतंत्रपणे पाठवतात, त्यामुळे इंजेक्शनचा धोका बराच कमी होतो. एसक्यूएलमधील नल या रिक्त मूल्याची तुलना साध्या बरोबरीच्या चिन्हाने करता येत नाही. जँगो व अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्ड मात्र रिक्त मूल्य दिल्यास 'इज नल' ही योग्य रचना आपोआप तयार करतात.

एका प्रश्नासाठी एक क्लास

अटी जोडणे सोपे झाल्यावर त्या कुठेही जोडल्या जाऊ लागल्या. एसक्यूएलचा मजकूर नाहीसा झाला, तरी प्रश्नाचा आशय पूर्वीइतकाच विखुरलेला राहिला. रेल्समध्ये क्वेरी मॉडेल क्लासमध्ये ठेवण्याच्या प्रघाताने ते क्लास अवजड होऊ लागले. ब्रायन हेल्मकँप यांनी २०१२ साली अशा मॉडेलांची फेररचना करण्याचे सात मार्ग एका लेखात सुचवले. क्वेरी ऑब्जेक्ट हा त्यांपैकी एक होता. या अर्थाने क्वेरी ऑब्जेक्ट म्हणजे व्यवहारातील एका नियमाला धरून नोंदी निवडणारा लहान क्लास होय. तो लायब्ररीच्या यंत्रणेची जागा घेत नाही, तर तिच्याच आधाराने काम करतो.

उदाहरण

एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या प्रणालीत पुस्तकांच्या देवघेवीच्या नोंदी आहेत, असे समजू. प्रत्येक नोंदीत परतीची मुदत आणि प्रत्यक्ष परत आल्याची तारीख आहे. 'मुदतबाह्य पुस्तके कोणती?' हा प्रश्न तीन ठिकाणी विचारला जातो: देवघेव खिडकीवरील पडद्यावर, सभासदांना स्मरणपत्र पाठवणाऱ्या रात्रीच्या कामात आणि वार्षिक अहवालात. तिन्ही ठिकाणी 'परतीची तारीख रिक्त आहे आणि मुदत आजच्या आधीची आहे' अशी अट स्वतंत्रपणे लिहिलेली आहे.

पुढे ग्रंथालय मुदतीनंतर दोन दिवसांची सवलत देण्याचे आणि हरवल्याची नोंद झालेली पुस्तके वगळण्याचे ठरवते. हा बदल खिडकीवरील पडद्यात होतो, अहवालात अर्धाच होतो आणि स्मरणपत्रांत राहून जातो. परिणामी खिडकीवर काहीही बाकी न दिसणाऱ्या सभासदाला विलंबशुल्काचे पत्र जाते आणि वार्षिक आकडा दोन्हींशी जुळत नाही. यांतील कोणतीही क्वेरी तांत्रिकदृष्ट्या सदोष नसते, त्यामुळे प्रणाली कोणतीही त्रुटी दाखवत नाही.

क्वेरी ऑब्जेक्ट वापरल्यास 'मुदतबाह्य पुस्तके' या नावाचा एक क्लास तयार होतो. आजची तारीख त्याला बाहेरून दिली जाते, तर सवलतीचे दिवस व हरवलेल्या पुस्तकांची अट त्याच्या आत राहते. तिन्ही ठिकाणे याच क्लासकडे विचारणा करतात. खिडकीला एका सभासदापुरत्या नोंदी लागतात आणि अहवालाला केवळ संख्या लागते. अशा वेळी क्लासने परत दिलेल्या क्वेरीत पुढील अट जोडली जाते, मूळ नियमाला हात लावला जात नाही.

रचनेविषयीचे संकेत

क्वेरी ऑब्जेक्टचे नाव टेबलावरून न देता प्रश्नावरून द्यावे, असा संकेत आहे. त्याने केवळ वाचन करावे, नोंदी बदलू नयेत. हे बर्ट्रांड मेयर यांच्या आज्ञा व पृच्छा वेगळ्या ठेवण्याच्या तत्त्वाला धरून आहे.

क्लासने काय परत द्यावे याबाबत मतभेद आढळतात. पूर्ण न झालेली, पुढे अटी जोडता येण्याजोगी क्वेरी परत दिल्यास पुनर्वापर सुलभ होतो, परंतु डेटाबेसशी प्रत्यक्ष संपर्क कोठे होतो ते अस्पष्ट राहते. नोंदींची तयार यादी परत दिल्यास ती सीमा स्पष्ट राहते, मात्र पृष्ठांकन, क्रमवारी, मोजणी अशा प्रत्येक गरजेसाठी वेगळी सोय करावी लागते.

चाचणी

आजची तारीख बाहेरून दिली जात असल्याने सीमारेषेवरील प्रसंग तपासता येतात. आजच मुदत संपणारे पुस्तक, सवलतीचा शेवटचा दिवस आणि त्यानंतरचा दिवस अशा मोजक्या नोंदी भरून निकाल पडताळला जातो. ही चाचणी प्रत्यक्ष वापरातील डेटाबेसच्याच प्रकारावर करणे आवश्यक असते. उदाहरणार्थ, 'लाइक' ही तुलना एसक्यूलाइटमध्ये मूलतः रोमन लिपीतील लहान-मोठ्या अक्षरांत भेद करत नाही, पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये करते. त्यामुळे एकावर उत्तीर्ण झालेली चाचणी दुसऱ्याविषयी खात्री देत नाही.

मर्यादा आणि टीका

क्वेरी ऑब्जेक्टमुळे एसक्यूएल दृष्टिआड होते, परंतु त्याचा खर्च कमी होत नाही. शंभर मुदतबाह्य नोंदी मिळवून प्रत्येकीसाठी सभासदाचे नाव स्वतंत्रपणे मागवल्यास एकूण १०१ क्वेरी होतात. ही अडचण 'एन अधिक एक' या नावाने ओळखली जाते. संबंधित नोंदी एकत्र आणण्याची सूचना क्वेरी ऑब्जेक्टमध्येच दिल्यास ती टळते. तसेच अटीतील रकान्यावर एखादे फंक्शन लावल्यास त्या रकान्यावरील साधा इंडेक्स सहसा उपयोगी पडत नाही. क्लासचे नाव कितीही बोलके असले तरी ही बाब तयार झालेले एसक्यूएल पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही.

भाषांतराच्या मर्यादाही असतात. भाषेतील प्रत्येक अट एसक्यूएलमध्ये मांडता येत नाही. एंटिटी फ्रेमवर्क कोअरच्या आरंभीच्या आवृत्त्या अशी अट उपयोजनाच्या स्मृतीत तपासत, त्यामुळे नकळत संपूर्ण टेबल डेटाबेसबाहेर आणले जाण्याचा संभव असे. २०१९ सालच्या ३.० आवृत्तीपासून बहुतांश ठिकाणी अशी क्वेरी नाकारली जाते. सुरक्षेच्या बाबतीतही हमी पूर्ण नसते. क्रमवारीसाठी वापरायचे रकान्याचे नाव प्राचल म्हणून पाठवता येत नाही, म्हणून ते वापरकर्त्याकडून घेताना मान्य नावांच्या यादीशी ताडून पाहावे लागते.

प्रत्येक क्वेरीसाठी क्लास केल्यास लहान क्लासांची संख्या अकारण वाढते. एकाच ठिकाणी लागणारी, एका साध्या अटीची क्वेरी आहे तेथेच ठेवणे बहुधा सोयीचे असते. एकच नियम अनेक ठिकाणी लागत असेल, किंवा क्वेरीला व्यवहारात स्वतःचे नाव असेल, तेव्हा स्वतंत्र क्लास उपयुक्त ठरतो.

संबंधित आकृतिबंध

रिपॉझिटरी हा आकृतिबंध ऑब्जेक्टांच्या संग्रहाचा आभास निर्माण करतो. फाउलर यांच्या ग्रंथात तो क्वेरी ऑब्जेक्टवर आधारलेला आहे. प्रत्येक प्रश्नासाठी रिपॉझिटरीत नवी मेथड वाढवत गेल्यास ती अवाढव्य होते. तेथे प्रश्नांना स्वतंत्र क्लासमध्ये हलवण्याचा पर्याय निवडला जातो. एरिक इव्हान्स आणि फाउलर यांनी मांडलेले स्पेसिफिकेशन हेही जवळचे आहे. मात्र एखादा ऑब्जेक्ट अट पूर्ण करतो की नाही हे सांगणे हा स्पेसिफिकेशनचा गाभा आहे, तर अट पूर्ण करणाऱ्या नोंदी डेटाबेसमधून आणणे हे क्वेरी ऑब्जेक्टचे काम आहे. लेखन व वाचन यांची प्रारूपेच वेगळी करणाऱ्या सीक्यूआरएस या रचनेत वाचनाच्या बाजूला क्वेरी ऑब्जेक्ट स्वाभाविकपणे बसतो, परंतु त्याच्या वापरासाठी ती संपूर्ण रचना स्वीकारण्याची आवश्यकता नसते.