चंद्रकोर सापडली, वर्तुळ निसटले

दोन वर्तुळे एकमेकांवर थोडीशी चढली, की एकाचा जो भाग बाहेर उरतो ती चंद्रकोर. तिच्या दोन्ही कडा वाकड्या. तेवढ्याच क्षेत्रफळाचा चौरस नुसत्या पट्टी-कंपासने काढता येईल, असे कुणाला वाटणार नाही. ग्रीसमधल्या खिऑस बेटावरच्या हिपोक्रेटसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात तो काढला. वैद्यांचा हिपोक्रेटस वेगळा, तो कॉस बेटाचा. हा मूळचा व्यापारी. अॅरिस्टॉटल सांगतो, की बायझँटियमला जकातवाल्यांनी याला लुबाडले. दुसरी कथा चाच्यांची आहे. काही असो, तो अथेन्सला आला आणि गणितात रमला.

आकाशवाणीवर आकृती दाखवायची सोय नाही, तेव्हा कागद-पेन्सिल आपणच घ्या. 10 सेंटिमीटर त्रिज्येचे अर्धवर्तुळ काढा. मध्यबिंदूतून उभी रेघ वर न्या. ती कडेला भेटेल तो बिंदू व्यासाच्या डाव्या टोकाशी जोडा. डावीकडच्या पाव वर्तुळाचे दोन भाग झाले : एक काटकोन त्रिकोण आणि तिरक्या रेघेबाहेरचा फुगीर तुकडा. आता ती तिरकी रेघ व्यास मानून बाहेरच्या अंगाला लहान अर्धवर्तुळ काढा. फुगीर तुकडा त्याच्याही पोटात आला, आणि पलीकडे उरली कोर.

अर्धवर्तुळांची क्षेत्रफळे व्यासांच्या वर्गांच्या प्रमाणात असतात. मोठ्या व्यासाचा वर्ग 400, तिरक्या रेघेचा 200. म्हणजे लहान अर्धवर्तुळ मोठ्याच्या निम्मे, म्हणजेच त्या पाव वर्तुळाएवढे. दोघांतूनही तो सामाईक तुकडा काढून टाका. इकडे कोर उरली, तिकडे त्रिकोण. दोन्ही 50 चौरस सेंटिमीटर! 'पाय' कुठे आलाच नाही. मला तर ही सिद्धता शाळेतल्या कुठल्याही प्रमेयाहून देखणी वाटते.

अथेन्समध्ये तेव्हा वर्तुळाएवढा चौरस काढण्याचे वेड होते. इतके, की इ. स. पू. 414 मध्ये अॅरिस्टोफेनिसने आपल्या 'पक्षी' या नाटकात त्याची टिंगल केली. कोर जमली, मग वर्तुळ का नाही? हिपोक्रेटसने तीन प्रकारच्या कोरी चौरसात बसवल्या. पुढे त्याने एक कोर आणि एक पूर्ण वर्तुळ, दोघांची बेरीज सरळ रेषांच्या आकृतीएवढी असल्याचे दाखवले. ती कोर सुटी मोजता आली असती, तर वर्तुळही हाती आले असते! पण ती त्या तिघींपैकी नव्हती. वर्तुळ सुटले असे त्याला खरेच वाटले होते का, यावर पुढच्यांनी बराच वाद घातला. इतका नेटका माणूस असा फसेल, हे मला पटत नाही. त्याचे लिखाण उरलेले नाही. आपल्याला कळते ते सहाव्या शतकातल्या सिंप्लिशिअसने दिलेल्या उताऱ्यांतून.

1882 साली लिंडेमानने वर्तुळाचा चौरस अशक्य असल्याचे सिद्ध केले. कोरींचा हिशेब त्यानंतरही चालूच होता. अठराव्या शतकात आणखी दोन प्रकार सापडले होते. विसाव्या शतकात चेबोटार्योव्ह आणि दोरोद्नोव्ह या गणितज्ञांनी ठरवून टाकले, की अशा कोरी एकूण पाचच. वर्तुळाच्या जोडीला बसवलेली ती कोर या पाचांत नाही.